तायडे सरांची चौकडी

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तायडे सरांवर लिहा म्हणून मला पहिल्यांदा गळ घातली, तेव्हा मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा आले तोवर मोतीबिंदू काढून झाला होता, म्हणून गुडघ्याचं सांगितलं. गुडघ्याने कोणी लिहीत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण ते बिचारे हसून चहा पिऊन गेले. ही मुलं म्हणजे आता स्वतः नातवंडं खेळवणारी माणसं. त्यांच्याजवळ सरांच्या भरपूर गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या गोष्टींमध्ये मी चांगला माणूस आहे. अडचण आहे ती तिथेच. इतकी वर्षं मी ती टाळली. आता टाळायला फार काळ हातात उरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

किसन तायडे आणि मी एकाच वर्षी अमरावतीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर म्हणून लागलो. मी देशमुख, घरची शेती असलेला, अकोल्याचा. ते चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातले, कापसाच्या जिनिंगमधल्या मजुराचे चिरंजीव. उंच, रुंद खांद्यांचे, काळेसावळे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या तासाला वरची इंग्रजी कविता पाठ व्हायची. अमरावतीच्या एप्रिलमध्येही अंगात कोट आणि गळ्यात टाय. घामाने कॉलर भिजून जायची पण टायची गाठ सैल होत नसे. कोणी म्हटलं, "तायडे, उकडत नाही का हो?" तर म्हणायचे, "उकडते ना! पण मी उघडा लय वर्षं फिरलो, बावा. आता झाकून फिरून राहिलो."

लाजणं हा प्रकार त्यांच्या गावी नव्हता. स्वतःचा तास चांगला झाला तर शिक्षकांच्या खोलीत येऊन स्वतःच सांगत. "आज मी काय शिकवलं, काय शिकवलं! तुमी ऐकाले पाहिजे होतं." टाळ्या वाजल्या की त्यांना मनापासून आनंद होई आणि तो ते लपवत नसत. आम्हां बाकीच्यांनाही टाळ्या हव्याच असायच्या, पण आम्ही त्या नको असल्यासारखा चेहरा करायचो.

खोलीतल्या माठाशेजारी त्यांनी स्वतःची एक सुरई आणून ठेवली होती. आपण माठाला हात लावला की कोणाचं तोंड वाकडं होतं हे त्यांना माहीत होतं. सुरई आणली ती मात्र मुद्दाम मोठी, आणि येईल त्याला आग्रह. "घ्या, थंडगार हाय." काहीजण घड्याळाकडे बघत बाहेर जात. मी ते पाणी प्यायचो. पाणी पिऊन मी स्वतःला फार मोठा सुधारक समजायचो, हेही लिहून ठेवतो.

आता स्पॅनिशचं. राजापेठेतल्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक मिळालं. पुस्तक कसलं, पुस्तकाचं धड. वरचं पुठ्ठ्याचं आवरण नाही, सुरुवातीचा उच्चारांचा भाग नाही, आणि मागचा क्रियापदांचा सगळा भाग शेजारच्या भजीवाल्याने पुड्या बांधायला नेलेला. मध्ये उरली होती फक्त नामं आणि विशेषणं. दुसरा कोणी असता तर पुस्तक परत टाकून आला असता. सर रोज संध्याकाळी त्या भजीवाल्याकडे भजी खायला लागले, एखादं क्रियापद पुडीतून हाती येईल या आशेवर. कितीतरी दिवस त्यांनी भजी खाल्ली. शेवटी एकच पान मिळालं, तेलाने आरपार दिसणारं. त्यावरून त्यांना 'आहे' आणि 'नाही' एवढं सापडलं.

"झालं!" ते मला म्हणाले. "जगात बाकी काय राहते, देशमुख? एखादी वस्तू हाय नाही तर नाही. अन् हाय तर कशी हाय. नाम, विशेषण, खतम."

"पण सर, स्पॅनिश शिकून करायचं काय अमरावतीत?"

नेहमीसारखं मोठ्याने बोलतील असं वाटलं होतं. ते हळू बोलले. "बाकीचं सगळं शिकताना मले कोणी ना कोणी वर्गाच्या बाहेर बसवलं. ही भाषा शिकताना बाहेर बसवाले इथं कोणीच नव्हतं."

त्या उरलेल्या पानांतून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. तिला ते चौकडी म्हणत. इंग्रजीत सूर्याला 'सन' म्हणतात, पण सूर्यापासून झालेलं विशेषण 'सोलर'. दोघांच्या चेहऱ्यात काही साम्य नाही. "हे नवरा-बायको," सर सांगत, "दोघं येगयेगळ्या गावचे." स्पॅनिशमध्ये तेच 'सोल' आणि 'सोलार'. "हे सख्खे भाऊ-बहीण. तोंड पाहून ओळखू येतात." सन, सोलर, सोल, सोलार, अशी झाली एक चौकडी. मून, लूनर, लूना, लूनार. टूथ, डेंटल, दिएन्ते, देन्ताल. चारांतलं एक माणूस ओळखीचं निघालं की बाकीच्यांचा पत्ता त्याला विचारायचा, हा त्यांचा नियम. एकट्या शब्दाचं भाषांतर त्यांनी कधी करू दिलं नाही. "याच्या घरी आणखी कोण कोण हाय?" हे आधी विचारायचं. त्यामुळे गंमत अशी झाली की पोरांचं इंग्रजीही सुधारलं. 'डेंटल' शब्दाला अडणारं पोरगं स्पॅनिशच्या दिएन्तेला धरून बरोबर दातापर्यंत पोचायचं.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की हॉलमध्ये हा वर्ग भरे. फी नाही, परीक्षा नाही. आणि वर्ग हॉलमध्ये मावत नसे, तो राजापेठेच्या रस्त्यावर सांडे. सर चालता चालता समोरून येणाऱ्या पोरावर शब्द फेकत. एकदा एक पोरगं सायकलवरून भरधाव येत होतं. सर रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "फेम!" पोरगं सायकल सावरत ओरडलं, "फेमस! फामा! फामोसो!" आणि संत्र्यांच्या टोपलीवर जाऊन आदळलं. टोपलीवाली बाई उठून उभी राहिली.

"अहो मास्तर, काहून पोराच्या जिवावर उठले? अन् माह्या संत्र्यायच्या?"

"बाई, बरोबर सांगतलं त्यानं!"

"बरोबर सांगतलं त मंग त्याले तुमीच संत्री घेऊन द्या. मले काय त्याचं!"

सरांनी टोपलीतली फुटलेली सगळी संत्री विकत घेतली आणि तिथेच पोरांना वाटली. पुढे ती बाईच लांबून येताना सर दिसले की ओरडायची, "पोट्टेहो, सरका रे, चौकडी आली!"

गावात एक प्रश्न मात्र सगळ्यांच्या तोंडी असे. हे जे तायडे बोलतात ते खरंच स्पॅनिश आहे का? तपासणार कोण? अमरावतीत ती भाषा ऐकलेला माणूस नव्हता. खुद्द सरांनीही ती कधी ऐकली नव्हती. उच्चारांची पानं नसल्यामुळे शब्द दिसेल तसा ते म्हणत. बाबाराव नावाचा एक शेतकऱ्याचा पोरगा वर्गात होता, तो आपल्या वऱ्हाडी सवयीने 'ह' गिळायचा. 'हुमेदाद', म्हणजे ओलावा, याला तो 'उमेदाद' म्हणे. सर खवळत. "ह खाऊ नको रे! घरी जेवाले देत नाहीत का तुले?" सगळा वर्ग हसे. बाबाराव लाल व्हायचा आणि पुन्हा उमेदादच म्हणायचा.

सरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतल्यावर शिक्षकांच्या खोलीतल्या थट्टेला धार आली. एकाने म्हटलं, "तायडे, आधी धर्म बदलला, आता भाषा बदलता काय?" सर सुरईतून पाणी ओतत होते. म्हणाले, "धर्म बदलला तो चारचौघांत सांगून बदलला. भाषा बदलत नाही, वाढवून राहिलो. घ्या, पाणी घ्या." थट्टा करणारा पाणी न घेता गेला.

मग कोणीतरी शाळेच्या कार्यकारी मंडळाकडे तक्रार केली की शाळेच्या हॉलमध्ये एक शिक्षक मनाने रचलेली भाषा शिकवतो आणि पोरांच्या डोक्यात कचरा भरतो. हेडमास्तर पुण्याकडचे, सभ्य, घाबरट गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं. "देशमुख, तुम्हीही इंग्रजीचेच. जरा शहानिशा करा."

मी केली. नागपूरला बहिणीकडे गेलो होतो, तिथल्या ग्रंथालयात स्पॅनिशचा जाडजूड कोश होता. सरांच्या चौकड्या मला ऐकून ऐकून पाठ होत्या. एक दुपारभर मी शब्द काढून पाहिले. सगळे बरोबर. एकही चुकीचा सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर मी चुकीचाच शोधत होतो. शनिवारी दुपारी राजापेठेत माझी शिकवणी असायची आणि माझी पोरं एकेक करून सरांच्या चौकडीत जाऊन बसत होती. हे एक कारण. दुसरं कारण सांगायला अवघड आहे. मी त्यांच्या सुरईतलं पाणी पिणारा सुधारक. ते माझ्यापेक्षा वरचढ निघतील, हे त्या सुधारणेत मी धरलं नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत हेडमास्तरांनी विचारलं, "काय देशमुख, खरं आहे का ते?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही, सर. बरंचसं मनाचंच वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. वर्ग बंद करण्याचा ठराव झाला. कोणी काय म्हटलं ते तायडे सरांना कळवण्यात आलं नाही, नुसता निर्णय कळवला. त्यांनी तो शिपायाकडून ऐकला, टायची गाठ नीट केली आणि पुढचा शनिवारचा वर्ग शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली भरवला. सायकलींच्या घंट्या, टांगेवाल्यांच्या आरोळ्या आणि त्यांच्यावर सरांचा आवाज. काही आईबापांनी मात्र पोरांना तिथे जायला मनाई केली. बोगस भाषा, असं आता अधिकृतच झालं होतं. वर्ग आटत चालला. रस्त्यात टवाळ पोरं त्यांच्या मागे काहीबाही बडबडत, आणि "सर, हे पण स्पॅनिश हाय!" म्हणून पळत. सर मागे वळत नसत. पण रस्त्यावर शब्द फेकणं त्यांनी सोडून दिलं, हे मी पाहिलं. तो माणूस गप्प चालताना पहिल्यांदा दिसला. माझ्या शिकवणीत पोरं परत आली.

पुढच्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत बाबाराव सकाळच्या बसने अमरावतीला आला. मॅट्रिक होऊन तो अकोल्याजवळच्या कापूस-संशोधनाच्या शेतावर कामाला लागला होता. थेट शाळेत शिरला, धापा टाकत. शेतावर पेरू देशातून कापसाचे एक मोठे जाणकार आले होते. त्यांच्यासोबतचा दुभाषा उन्हाने आणि आमच्याकडच्या तिखटाने आडवा झाला होता. पाहुण्यांना इंग्रजी जेमतेम. शेतावरचे साहेब डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा बाबाराव म्हणाला होता, "आमचे सर हायेत ना अमरावतीले!"

पेरू देशाचं नाव ऐकून वर्गातल्या पोरांना हसू आवरेना. हेडमास्तर मात्र पांढरेफटक पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "देशमुख, तुम्ही सोबत जा. तिथे फजिती झाली तर शाळेचं नाव तरी निघू देऊ नका."

अकोल्याच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले. मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा उतरले नाहीत. हात मांडीखाली दाबून बसले होते.

"देशमुख," ते एकदम म्हणाले, "अन् ती भाषा नसली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे म्हणतात तसं असलं तर? मी कुठं ऐकली हाय? पुस्तक खोटं असलं तर? पोट्ट्यायचे दोन वर्षं..." 

मला माहीत होतं. त्या बसमध्ये, त्यांच्या शेजारी बसून, मला नक्की माहीत होतं की पुस्तक खरं आहे. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघू या, काय होतं ते."

शेतावर वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. साहेब, कारकून, मजूर, वेचणीच्या बाया. पाहुणे बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे, उन्हाने रापलेले म्हातारे गृहस्थ. कोट-टायमधले सर पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. शेंगदाण्याचं पोतं फुटावं तसे शब्द आले. सरांना एक अक्षर कळलं नाही. मी त्यांच्या मागे उभा होतो, मला त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. पाहुणे थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मागे एक मजूर दुसऱ्याला म्हणाला, "मास्तरले काही येत नाही वाटते, गड्या." आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

तेवढ्यात सरांनी हात वर केला, रस्त्यावर टांगा थांबवतात तसा. मग आभाळाकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "सोल!"

पाहुणे चकित झाले. वर पाहून म्हणाले, "सी, सोल."

"सोलार!"

"सोलार," म्हातारे हळूच म्हणाले.

सर खाली वाकले. ढेकूळ उचललं. "तिएर्रा."

"तिएर्रा!" पाहुण्यांनी ते ढेकूळ त्यांच्या हातातून घेतलं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. "तिएर्रा नेग्रा."

सर आमच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज फाटला होता. "काळी माती! काळी माती म्हणून राहिले, साहेब! तिएर्रा माती, नेग्रा काळी! हाय! ती भाषा हाय!"

मग जे झालं ते पाहायला सगळी अमरावती तिथे असायला हवी होती. पाहुणे हुशार. या माणसाजवळ क्रियापदं नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि स्वतःचीही बाजूला ठेवली. एक नाम, एक विशेषण, आणि बोट. असे दोघे शेतातून चालायला लागले. म्हातारा शब्द द्यायचा, सर त्याच्या घरची माणसं शोधायचे. "फेर्तिल!" म्हटलं की सर ओरडत, "फर्टाइल, फर्टिलिटी, फेर्तिलिदाद, सुपीक, साहेब, सुपीक!" साहेब भराभर लिहून घेत होते. मजूर आणि बाया मागे मागे चालत होत्या, जणू गावात वरात आली होती.

शेताच्या खालच्या कोपऱ्यात झाडं माना टाकून उभी होती. साहेब किडीची औषधं मारून थकले होते. पाहुण्यांनी एक झाड उपटलं, मुळं पाहिली, डोकं हलवलं. "राईस एन्फेर्मा."

'राईस' सरांना ठाऊक होतं, मूळ. 'एन्फेर्मा'पाशी ते अडले. डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. "याच्या घरी कोण... याच्या घरी कोण... इन्फर्म! इन्फर्मिटी! आजारी! मूळ आजारी हाय, साहेब, पान नाही! कीड नाही!"

"पण का?" साहेब म्हणाले. "विचारा त्यांना, का?"

'का' हे विचारायला सरांजवळ शब्द नव्हता. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि असा चेहरा केला की तो जगात कुठेही कळला असता. पाहुण्यांनी मुळाची ओली माती दाखवली आणि म्हणाले, "उमेदाद. उमेदाद एक्सेसिवा."

सरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. आणि मागून बाबाराव किंचाळला, "सर! उमेदाद! ओलावा! म्या म्हणत होतो ना!"

सर गर्रकन वळले.  मग त्या सगळ्या माणसांसमोर, साहेबांसमोर, परदेशी पाहुण्यांसमोर त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.

"चुकलो, बाबाराव. मी चुकलो, तू बरोबर होता. सगळ्या वर्गाले तुह्यावर हसवलं, आता सगळ्यायसमोर सांगून राहिलो." आणि मग लगेच साहेबांकडे, "पाणी फार झालं, साहेब! खाली पाणी साचते, मूळ सडते. चर खणा!"

पाहुण्यांना काय झालं ते कळावं म्हणून सरांनी आधी बाबारावकडे बोट दाखवलं, "मायेस्त्रो!" मग स्वतःकडे, "बुर्रो!" म्हणजे मास्तर तो आणि गाढव मी. म्हातारे असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर त्यांनी सरांना कडकडून मिठी मारली. वेचणीच्या बाया हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. कान धरून सांगायला सरांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. मी ते तीन हातांवरून पाहिलं होतं.

दुपारी जेवायला बसताना साहेबांनी पाहुण्यांना मानाच्या पाटावर नेलं. पाहुण्यांनी हाताला धरून सरांना शेजारी बसवलं आणि आपल्या ताटातला गोड पदार्थ त्यांच्या ताटात वाढला. वाढणारे थबकले, मग निमूट वाढू लागले. त्या पंगतीत सरांनी टायची गाठ सैल केली, मी पाहिलेली पहिली वेळ, आणि भरपूर जेवले.

आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो तर बातमी कंडक्टरच्या तोंडून आमच्याआधी पोचली होती. अमरावतीच्या बस स्टँडवर पोरांची झुंबड. सरांनी पायरीवर पाय ठेवला आणि कोणीतरी ओरडलं, "सन!" आणि सगळ्या स्टँडवरून उत्तर आलं, "सोलर! सोल! सोलार!" ती संत्रीवाली बाई टोपली घेऊन आली होती. "घ्या मास्तर, आज फुकट. अन् आज सायकल नका सोडू अंगावर." सरांनी दोन्ही हात उंचावून त्या टाळ्या घेतल्या. पुरेपूर घेतल्या. वर्षभराच्या राहिलेल्या होत्या.

शाळेच्या हॉलमध्ये सत्कार झाला, जो हॉल त्यांना बंद केला होता तिथेच. हेडमास्तर म्हणाले की शाळेचा तायडेंवर पहिल्यापासून विश्वास होता. हार घालून घेतल्यावर सर बोलायला उभे राहिले. ते हेडमास्तरांबद्दल बोलले नाहीत, मंडळाबद्दल बोलले नाहीत. गळ्यातला हार काढला, व्यासपीठावरून खाली उतरले आणि तो माझ्या गळ्यात घातला.

"अकोल्याले शाळेतून माह्यासंग हा एकटा माणूस आला," ते सभेला म्हणाले. "माह्यावर कोणाचा भरोसा नव्हता तवा याचा होता. देशमुखसाठी वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. मी उभा राहून त्या घेतल्या.

त्यानंतर सरांचे दिवस फिरले. शनिवारचा वर्ग असा भरायचा की पोरं खिडक्यांत बसायची. अकोल्याच्या शेतावर कोणी बाहेरचा पाहुणा आला की मोटार सरांना न्यायला यायची, मग तो पाहुणा कुठलीही भाषा बोलणारा असो. चर खणल्यावर तो कोपरा पुढल्या हंगामात पांढराशुभ्र फुलला. बाबाराव वाढत वाढत त्याच शेतावर मोठ्या हुद्द्यावर गेला आणि हाताखालच्या पोरांना चौकड्या घालायला लागला. पेरूहून म्हाताऱ्यांनी एक संपूर्ण, कोरं करकरीत पुस्तक पाठवलं, उच्चारांसकट, क्रियापदांसकट. सरांनी ते मान देऊन वाचलं. आठवड्याने मला म्हणाले, "क्रियापदं लय कटकटी असतात, देशमुख. जागेवर थांबतच नाहीत. बरं झालं, भजीवाल्यानं नेली."

आणि जिथे जातील तिथे माझी ओळख करून द्यायचे. "हे देशमुख. हे होते माह्या मागं उभे." दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं. दर वेळी ते कौतुकाने माझ्याकडे पाहत असायचे.

ते शाळा सोडून अचलपूरकडे एका नव्या शाळेचे हेडमास्तर होऊन गेले. मधे काही वर्षं भेट नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस कधीतरी मी कामासाठी मूर्तिजापूरला उतरलो आणि अचलपूरच्या छोट्या गाडीच्या फलाटावर मला तो आवाज ऐकू आला. कोट, टाय, केस पिकलेले. सोबत चार-पाच पोरं होती, कुठल्याशा वक्तृत्वाच्या स्पर्धेतून जिंकून परत निघालेली, हातात चांदीचा पेला. सर त्यांच्यापेक्षा जास्त खूश होते. मला पाहताच पोरांना म्हणाले, "पाया पडा रे. हे देशमुख सर. सांगतलं होतं ना तुमाले?" पोरं खरोखर पाया पडली.

मी म्हणालो, "तायडे, मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. त्या बैठकीबद्दल."

"कोणत्या बैठकीबद्दल?"

"वर्ग बंद केला, त्या."

"जाऊ द्या ना आता ते! तुमी घरी या. अचलपूरले या, सावकाश बोलू." इंजिनाने शिट्टी दिली. त्यांनी पोरांना आत कोंबलं आणि स्वतः चढून खिडकीशी बसले.

ती अरुंद रुळांची गाडी. तिचा वेग ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. ती हलली तेव्हा मी तिच्या बरोबर चालायला लागलो, त्यांच्या खिडकीच्या गजाला हात लावून. फलाट संपला. मी उतारावरून खाली आलो आणि खडीतून चालत राहिलो. गाडी माझ्या चालीने चालत होती. सर खिडकीतून झुकून माझ्याकडे पाहत होते, कान देऊन, आतल्या पोरांना हाताने गप्प करून. "बोला ना, देशमुख. काय म्हणत होते?"

सगळं सांगून झालं असतं. नागपूरचा कोश, ती बैठक, ती बस, सगळं. तेवढी गाडी हळू होती.

मी म्हणालो, "काही नाही. तब्येतीला जपा."

ते हसले, त्यांनी हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला आणि गाडी सिग्नलच्या पुढे जाईपर्यंत ठेवला. पुढे खडी संपून शेत लागलं. तिथे मी थांबलो.